जव्हारचे राजे आपल्या मुलांना माहीत हवेत

लंडनच्या गादीवर आता कोण बसलं, हे बोईसरच्या शाळेतली मुलं चटकन सांगतात. आपल्याच पालघर जिल्ह्यात सहाशे वर्षांचं राजघराणं होऊन गेलं आणि ते आदिवासी होतं, हे त्यांच्या कानावर घालायचं मात्र आपल्याकडून राहून गेलं आहे.

जव्हारचं हे मुकणे घराणं महादेव कोळी. मूळ पुरुष जयबा. बैलाच्या कातड्याएवढीच जागा त्याने मागितली आणि त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून अख्खा डोंगर वेढला, अशी आख्यायिका आहे. मुलगा नेमशाह याला दिल्लीच्या सुलतानाने ५ जून १३४३ रोजी राजा म्हणून मान्यता दिली. त्या दिवसापासून जव्हारने स्वतःचा शक सुरू केला. ठाण्याचं गॅझेटिअर १८८२ मध्ये छापलं गेलं, तेव्हाही सरकारी कागदांवर तो शक घातला जात होता! आज तारापूरच्या कारखान्यांत आदिवासी म्हटलं की कंत्राटी मजूर डोळ्यांसमोर येतो. त्यांच्याच डोंगरातल्या राज्याने कालगणनाही स्वतःची ठेवली होती.

१६६४ मध्ये सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज जव्हारजवळ थांबले. तिथले राजे विक्रमशाह यांनी त्यांना जिथे शिरपेच अर्पण केला, तो शिरपामाळ आजही दाखवतात. पेशवाईत मात्र संस्थानचा बराच मुलूख गेला. शेवटचे राजे यशवंतराव दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, १९४८ च्या विलीनीकरणानंतर लोकसभेतही गेले. त्यांच्या काळात उभा राहिलेला, गुलाबी दगडाचा जयविलास लोक राजबारी म्हणून ओळखतात. पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात, सिनेमावाले शूटिंग करतात. घराण्याचा इतिहास विचारणारे थोडेच.

जव्हारचं नाव महाराष्ट्रभर गेलं ते वेगळ्याच कारणाने: तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या १९९० च्या दशकातल्या बालमृत्यूंनी. ते दुःख खरंच आहे आणि कुपोषण अजून संपलेलं नाही. पण एखाद्या तालुक्याची ओळख फक्त त्याच्या उपासमारीवरून होत राहिली, तर तिथल्या पोरांनी मान वर कशी करायची?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. मुख्यालयाची देखणी इमारतही उभी राहिली. तिथे एक दालन जव्हार संस्थानला द्यावं. कागद गोळा करावेत, मोडी वाचणारे बसवावेत आणि दरवर्षी ५ जूनला जिल्हा परिषदेच्या शाळांत नेमशाहाची गोष्ट सांगावी, वारलीत आणि मराठीत.