पाण्याच्या मागे सायकल

दोस्तांनो, मागच्या आठवड्यात आपण सायकलची चेन घासूनपुसून तिला तेल दिलं, ब्रेकची झिजलेली रबरं बदलली. सायकल तयार, तुम्हीही तयार! मग आता निघायचं कुठं? या वेळी एक गंमत करू या. रस्ता नेईल तिकडं जाण्याऐवजी पाणी जाईल तिकडं जाऊ या. डोंगरातून निघायचं आणि समुद्राच्या खाडीपाशी थांबायचं.

आपली सुरुवात आहे भातसानगरला. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात भातसा नदीवर मोठं धरण आहे, त्याच्या कुशीतलं हे गाव. धरणाची भिंत सुमारे 88 मीटर उंच. म्हणजे जवळजवळ तीस मजली इमारतच म्हणा ना! भिंतीच्या मागे सह्याद्रीच्या रांगा आणि दूरवर पसरलेलं निळं पाणी. पण एक लक्षात ठेवा, धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जायचं नाही. आणि ते निळं पाणी पाहताना हेही आठवा, की त्याच्याखाली कुणाची तरी घरं आणि भातशेती होती. धरणासाठी त्या लोकांना गाव सोडावं लागलं.

आता निघण्याआधी थोडं सायकलीबद्दल. डोंगरात चालवायची गिअरची सायकल तुम्ही पाहिली असेल. जाड, खडबडीत टायर, आडवं हँडल, मजबूत ब्रेक. ही सायकल जन्मली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या टॅमलपाईस नावाच्या डोंगरावर. 1970 च्या दशकात तिथली काही तरुण मंडळी जुन्यापुराण्या जड सायकली डोंगरावर न्यायची आणि मातीच्या वाटेनं सुसाट खाली यायची. उतारावर ब्रेक दाबून दाबून मागच्या चाकातलं ग्रीस तापून जळून जायचं. मग प्रत्येक वेळी चाक उघडून नवं ग्रीस भरायचं! या खटपटीतूनच डोंगरासाठी वेगळी सायकल तयार झाली. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तर तिच्या शर्यतीही झाल्या.

गिअर कशासाठी, सांगा पाहू? समजा, पुढच्या चकतीला 42 दाते आहेत आणि मागच्या चकतीला 14. पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक तीनदा फिरतं आणि सायकल सहा मीटरहून जास्त पुढे जाते. सपाट रस्त्यावर मजा! पण चढ आला की पाय भरून येतात. मग गिअर बदलायचा. पुढे 24 दाते, मागे 32. आता एका फेऱ्यात चाक पाऊणच वेळा फिरतं, सायकल दीड मीटरच पुढे जाते, पण पायडल कसं हलकं होतं! कष्ट कमी होत नाहीत बरं का, ते फक्त जास्त फेऱ्यांत वाटले जातात. चढ फुकटात कुणालाच चढता येत नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

तर चला, भातसानगरहून नदीच्या दिशेनं खाली. इथला उतार सौम्य आहे. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मधून मधून साग आणि पळस, मुरुमाच्या वाटा. उतारावर फक्त पुढचा ब्रेक करकचून दाबू नका, नाहीतर हँडलवरून थेट खाचरात! दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे. आणि वेग तेवढाच ठेवायचा, की वाटेत अचानक शेळी आडवी आली तरी थांबता येईल.

शहापूर, वासिंद, खडवली अशी गावं मागे टाकत भातसा नदी वाहते. हिवाळा संपून उन्हाळा आला, तरी धरणाखालच्या या नदीत पाणी असतं. शेजारच्या मुरबाड तालुक्यातली काळू नदी पाहा. माळशेजच्या डोंगरातून ती धो धो कोसळत येते, पण पावसाळा सरला की रोडावत जाते. मग भातसाच कशी भर उन्हाळ्यात वाहते?

कारण ते मुंबईचं पाणी आहे!

धरणातून सोडलेलं पाणी नदीच्याच पात्रातून 40 किलोमीटरहून अधिक अंतर कापून पिसे इथं येतं. तिथं बंधारा आहे. बंधाऱ्यावरून पाणी उचलून पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग ते मोठमोठ्या नळांतून मुंबईला जातं. मुंबईला सात तलावांचं पाणी मिळतं, पण त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं. रोज सुमारे 200 कोटी लिटर! केवढं होतं हे? एका टँकरमध्ये 10 हजार लिटर पाणी मावतं असं धरा. मग करा भागाकार. रोजचे दोन लाख टँकर!

टँकर म्हटल्यावर आता सायकल नदीपासून जरा बाजूला वळवा. एखाद्या टेकाडावरच्या पाड्याकडं जाणारी वाट धरा. हलका गिअर टाका. धापा टाकत वर पोचलात, की काय दिसतं? मार्च-एप्रिल महिना असेल, तर विहिरीनं तळ गाठलेला असतो. विहिरीपाशी हंड्यांची रांग असते. शहापूर तालुक्यातल्या कितीतरी गावांना आणि पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरनं पाणी द्यावं लागतं. ज्या तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, त्याच तालुक्यात! इथली माणसं म्हणतात, ‘धरण उशाला, कोरड घशाला.’

असं का होतं? पाऊस कमी पडतो का? छे! पावसाळ्यात इथं नुसती झोडपणी असते. पण इथला काळा पाषाण पाणी फारसं मुरू देत नाही. पडलेलं पाणी उतारावरून धावत नदीला जातं. गाव वर आणि पाणी खाली. धरणातून निघालेलं पाणी पिशापर्यंत आपोआप उताराने जातं, पण टेकाडावरच्या पाड्याला ते द्यायचं तर पंप हवा, नळ हवा, वीज हवी, आणि त्या सगळ्याला पैसा हवा. आठवलं ना? चढ फुकटात कुणालाच चढता येत नाही. जिथं पंप नाही, तिथं तो चढ कुणीतरी डोक्यावर हंडा घेऊन चढतं. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलोचं ओझं. बहुतेक वेळा ते एखाद्या बाईच्या किंवा तुमच्याच वयाच्या मुलीच्या डोक्यावर असतं, आणि तिला गिअर नसतो.

मुंबईनं पाणी पिऊ नये, असं नाही हं. तिथंही माणसंच राहतात, तिथल्याही कितीतरी वस्त्यांत पाण्यासाठी रांगा लागतात. पण ज्यांनी आपल्या जमिनी दिल्या, त्यांच्याही विहिरीपर्यंत पाणी पोचायला हवं की नको? तुम्हीच सांगा.

चला, पुन्हा नदीकाठी. काळू नदी टिटवाळ्याच्या गणपतीला भेटून येते. कल्याणच्या परिसरात भातसा आणि काळू या दोघींचं पाणी उल्हास नदीला मिळतं. इथून नदी हळूहळू खाडी होऊ लागते. कल्याणचा दुर्गाडी किल्ला या खाडीकाठीच आहे. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीच्या आश्रयानं मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात झाली. म्हणजे डोंगरातल्या या पाण्यानं महाराजांची गलबतंही तरंगवली म्हणायची!

कल्याणच्या पुढे काठाला तिवरांची हिरवी भिंत दिसू लागते. हवेला खारट वास येतो. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. आज सकाळी दहाला भरती असेल, तर उद्या ती साधारण पन्नास मिनिटं उशिरा येणार. घोडबंदरवरून पुढे सरकत ही खाडी वसईच्या किल्ल्यापाशी समुद्राला मिळते. 1739 साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून जिंकलेला तो हाच किल्ला. 2014 पर्यंत वसईही ठाणे जिल्ह्यातच होती, आता ती पालघर जिल्ह्यात आहे. पाण्याला मात्र जिल्ह्याची हद्द कळत नाही!

आता आईबाबांसाठी दोन शब्द. हा सगळा प्रवास एका दिवसाचा नाही. त्याचे तुकडे करा. एका रविवारी भातसानगर ते शहापूर, दुसऱ्या रविवारी वासिंद ते टिटवाळा, तिसऱ्या रविवारी कल्याणची किंवा वसईची खाडी. सोबत मोठं माणूस हवंच. मुंबई-नाशिक महामार्गावर ट्रकची फार वर्दळ असते, त्यामुळे मुलांना आतल्या गावरस्त्यांनी न्या. डोक्याला हेल्मेट, जवळ पंक्चरचं सामान आणि भरपूर पाणी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नदीत उतरायचं नाही. खडवलीला नदी शांत दिसते, पण त्या शांत पाण्यानं आजवर कितीतरी जीव घेतले आहेत. धरणातून पाणी सोडलं, की पातळी बघता बघता वाढते.

आणि तुमच्यासाठी या आठवड्याची करामत. एक पारदर्शक बाटली अर्धी भरा आणि सायकल थांबवून ती जमिनीवर आडवी ठेवा. पाणी ज्या टोकाला जमेल, तिकडं उतार. शाळेपासून घरापर्यंत दहा ठिकाणी हे करून पाहा आणि वहीत बाणांनी नकाशा काढा. तुमच्या गल्लीतलं पावसाचं पाणी कुठल्या ओढ्याला किंवा नदीला जातं, ते तुम्हाला आपोआप कळेल. मग घरी विचारा, आपल्या नळाला येणारं पाणी कुठल्या गावाहून येतं? त्या गावाचं नाव नकाशाखाली मोठ्या अक्षरांत लिहा. आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या गावाला स्वतःला पाणी मिळालं का, तेवढी चौकशी नक्की करा.

बरं तर, पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर टायरमधली हवा तपासत राहा!