यंत्राला पैसा, वायरीला काटकसर

आपला कारागीर बांधव ग्राइंडर, लेथ किंवा वेल्डिंग मशीन घेताना पदरमोड करतो, प्रसंगी घरातला दागिना गहाण टाकतो. मात्र ते यंत्र ज्या वायरवर चालायचे, तिच्यावर चार पैसे खर्च करायची वेळ आली की "चालून जाईल" म्हणतो. भिवंडी-मालेगावच्या मोहल्ल्यांत खाली कारखाना आणि वर बिऱ्हाड ही नित्याची गोष्ट आहे. खाली उडालेल्या ठिणगीची किंमत वर झोपलेली मुलेबाळे मोजतात. अशा काटकसरीला आमचा विरोध आहे.

दिव्यांसाठी घातलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर एक्स्टेंशन लावून वेल्डिंग करणे, ही पहिली चूक. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. शिवाय मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. म्हणून यंत्रासाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र लाईन, भाराप्रमाणे अडीच, चार किंवा त्याहून जाड तांब्याची वायर आणि तिला साजेसा एमसीबी हवा. एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा बसवला, तर तो शाबूत राहतो आणि वायर जळते.

दुसरी चूक अर्थिंगची. न्यूट्रललाच अर्थ जोडून मोकळे होणारे वायरमन आहेत. पुढे न्यूट्रल तुटला की यंत्राच्या लोखंडी अंगात करंट उतरतो. खरे अर्थिंग हवेच. जोडीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही हवा. माणसाला झटक्यापासून वाचवण्याचे काम एमसीबीचे नाही.

वायरिंगसाठी आयएस 732 आणि अर्थिंगसाठी आयएस 3043 ही भारतीय मानके आहेत. काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून टेस्ट रिपोर्ट घ्यावा, वाढीव भार मंजूर करून घ्यावा. विजेचा वापर अनधिकृत ठरल्यास 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 प्रमाणे दुप्पट दराने आकारणी होते. वायरीत वाचवलेला पैसा मग तिकडे जातो.

कोणी म्हणेल, राखणारा अल्लाह आहे. बेशक! पण झोपण्यापूर्वी घरातले दिवे विझवा, ही शिकवणही प्रेषितांनीच (स.) दिली आहे. तेव्हा बांधवांनो, आज काम आटोपल्यावर कारखान्याचा मेन स्विच बंद करा आणि उद्या सकाळी आधी चांगल्या वायरमनला बोलवा.