‘करमणूक आहे’ म्हणून हात झटकू नका

दंगलीचा विषय निघाला की दोन वाक्ये ठरलेली असतात. सिनेमावाले म्हणतात, “ही तर करमणूक.” दंगलखोरांचे पाठीराखे म्हणतात, “सिनेमा बघून माथी भडकली.” मला दोन्ही मान्य नाहीत.

माध्यमांचा परिणाम होतो, हे मिरजकरांना कोणी सांगायला नको. आपल्या दर्ग्यात दफन असलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका गदगच्या एका शाळकरी पोराच्या कानावर पडली आणि त्याने गाण्यासाठी घर सोडले. तेच पुढे पंडित भीमसेन जोशी झाले.

हीच ताकद उलटीही फिरते. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवाच्या कमानीवरील अफझलखानवधाच्या चित्रावरून मिरजेत दंगल पेटली, संचारबंदी लागली. पण तो प्रसंग काय नवा होता? शाळेत आपण सगळेच तो शिकलो. नवी होती ती जागा आणि वेळ. विधानसभा निवडणूक महिन्यावर आली होती. शिवरायांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता आणि खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता, हे त्या गर्दीत कितीजणांना आठवले असेल?

मार्च २०२५ मध्ये नागपुरात हिंसाचार झाला. मुख्यमंत्री फडणवीस विधानसभेत म्हणाले की ‘छावा’मुळे औरंगजेबाविरुद्धचा राग जागा झाला. असेल. पण अफवा सिनेमाने पसरवल्या नाहीत, दगड पडद्याने मारले नाहीत. राग पेटवणारे आणि दगड उचलणारे, दोघांचाही हिशेब वेगवेगळा झाला पाहिजे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तुम्ही कशावर थांबलात, काय पुढे पाठवलेत, हे मोजूनच फीड तुम्हाला पुढची पोस्ट दाखवते. तिला खरे-खोटे कळत नाही. शिवी देण्यासाठी शेअर केलेला व्हिडिओही तिच्या लेखी पसंतीच असते.

म्हणून आपल्या पोरांनाही सांगतो. स्टेटसला स्टेटसने उत्तर देणे म्हणजे त्याच दुकानाचे गिऱ्हाईक होणे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइल स्टेटसचे निमित्त झाले आणि मोडतोड झाली ती गरिबांच्या दुकानांची. दगडफेक करणाऱ्यांचा गुन्हा त्याने तसूभरही कमी होत नाही. पण निमित्त आपण का पुरवायचे?

भडकाऊ पोस्ट दिसली तर स्क्रीनशॉट काढा, लेखी तक्रार करा, पोच घ्या. पुढे मात्र पाठवू नका.