अनोळखी एपीकेला कुलूप लागणार. पण परतवाड्यातला फोन वाचणार का?

लग्नसराई आली की परतवाडा-अचलपूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पत्रिकांची रांग लागते. त्यातच एखादी फाइल येते, जिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी तीन अक्षरं असतात. वर ओळखीच्याच नंबरावरून निरोप असतो, ‘भाऊ, पत्रिका पाठवली, पाह्यजो.’ लग्नाचे दिवस सरले की हीच फाइल ‘आरटीओ चलान’ होऊन येते, हप्त्याच्या दिवसांत ‘पीएम किसान ई-केवायसी’ होते, उन्हाळ्यात वीजबिलाचं नाव घेते. उघडणाऱ्याचं बँक खातं काही तासांत रिकामं होऊ शकतं.

यावर गुगलने एक उपाय काढला आहे. २५ ऑगस्ट २०२५ ला कंपनीने जाहीर केलं की, पुढे अँड्रॉइड फोनवर फक्त ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच ॲप बसतील. ॲप प्ले स्टोअरवरून घ्या, वेबसाइटवरून घ्या नाहीतर मित्राने पाठवलेलं घ्या, बनवणाऱ्याने आपलं खरं नाव, पत्ता आणि ओळखपत्र गुगलकडे नोंदवलेलं हवं. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या चार देशांत, आणि २०२७ पासून हळूहळू बाकीच्या जगात, म्हणजे आपल्याकडेही.

ऐकायला हे बरं वाटतं. चोराला नाव द्यावं लागलं तर तो चोरी कशाला करेल? तरीही जगभरचे ओपन सोर्सवाले, म्हणजे ज्यांच्या ॲपचा कोड कुणालाही वाचता येतो असे प्रोग्रामर, या नियमावर चिडले आहेत. त्यांचं म्हणणं समजून घ्यायचं तर आधी ही ‘पत्रिका’ फोनमध्ये शिरून नेमकं काय करते ते पाहावं लागेल.

पत्रिकेच्या आत काय असतं?

एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲपचं गाठोडं. त्यात वाईट असं काही नाही. प्ले स्टोअरवरून घेतलेलं प्रत्येक ॲपही शेवटी असंच गाठोडं बनून येतं. फरक इतकाच की प्ले स्टोअरवर गुगल ते तपासतं आणि व्हॉट्सॲपवर आलेलं तुम्ही स्वतः बसवता.

फाइलवर बोट ठेवलं की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचं ॲप बसवू का? आपण ‘हो’ म्हणतो. पुष्कळदा हे पहिलं ॲप पोकळच असतं. ते ‘अपडेट करा’ म्हणतं आणि खरं दुसरं ॲप आत घेतं. त्यामुळे पहिल्या तपासणीत काही सापडत नाही. दुसरं ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, मग एक फॉर्म दाखवतं: नाव, आधार क्रमांक, कार्डाचा नंबर, कधी थेट यूपीआय पिनसुद्धा. एवढं झालं की ॲपचं चिन्ह स्क्रीनवरून गायब होतं. लोकांना वाटतं फाइल खराब होती, उघडलीच नाही.

इकडे तुमच्या फोनवर येणारा प्रत्येक एसएमएस चोराकडे जाऊ लागतो, बहुतेक वेळा टेलिग्रामच्या एखाद्या बॉटमार्फत किंवा इंटरनेटवरच्या साठवणुकीत. बँकेचा ओटीपी तुमच्या डोळ्याला पडायच्या आधी त्याच्यापाशी पोहोचलेला असतो. व्हॉट्सॲपची नोंदणीही एसएमएसवर आलेल्या आकड्यांनीच होते. ते आकडे वाचून चोर तुमचं व्हॉट्सॲप स्वतःच्या फोनवर सुरू करतो आणि तुमच्या सगळ्या ग्रुपवर तीच पत्रिका टाकतो. नंबर ओळखीचा का असतो, याचं उत्तर हे आहे. ‘अनोळखी नंबरच्या फाइल उघडू नका’ हा नेहमीचा सल्ला इथे कामाचा नाही. फाइल मामेभावाकडूनच आलेली असते.

या सगळ्यात चोराने एकही कुलूप फोडलेलं नाही, हे लक्षात घ्या. त्याला प्रत्येक किल्ली आपणच दिली, आणि सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात होत्या: एसएमएस.

मग ओळख तपासली तर बिघडलं कुठे?

गुगलचा दावा आहे की, इंटरनेटवरून थेट बसवलेल्या ॲपमध्ये प्ले स्टोअरच्या तुलनेत ५० पटींहून जास्त घातक सॉफ्टवेअर सापडतं. हा आकडा गुगलचा स्वतःचा आहे, पण दिशा चुकीची नसावी. व्हॉट्सॲपवरची पत्रिका त्यातच मोडते.

प्रश्न असा की आपल्या देशात ओळखपत्र चोराला अडवतं का? बँक खातं उघडायला केवायसी लागते, सिम घ्यायला ओळखपत्र लागतं. तरी चोरीचे पैसे ज्या खात्यांत जातात ती खाती खरीच असतात, खऱ्या माणसांची, खऱ्या आधारवर उघडलेली. कुणीतरी चार-दोन हजारांसाठी आपलं खातं भाड्याने दिलेलं असतं. पोलीस त्यांना ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. ही खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबला ‘म्यूलहंटर’ नावाची वेगळी यंत्रणा बनवावी लागली. जिथे खातं भाड्याने मिळतं तिथे डेव्हलपरची ओळखही मिळेल, असं मला वाटतं. गुगलच्या या नोंदणीची फी २५ डॉलर आहे. लाखो रुपये उपसणाऱ्या टोळीला ती अवघड नाही.

शिवाय ओळख पटलेला म्हणजे भला, असंही नाही. झटपट कर्ज देणारी आणि वसुलीसाठी फोटो विद्रूप करून नातेवाइकांना पाठवणारी ॲप आठवतात? त्यातली कितीतरी प्ले स्टोअरवरच होती. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या एका वर्षात गुगलने अशी २,२०० हून जास्त कर्ज ॲप काढून टाकली, अशी माहिती केंद्र सरकारनेच संसदेत दिली होती. म्हणजे काढेपर्यंत ती तिथे होती.

नियमाचा खरा फटका बसेल तो वेगळ्याच लोकांना. एफ-ड्रॉइड नावाचं एक ॲप-भांडार २०१० पासून चालू आहे. तिथे फक्त ओपन सोर्स ॲप मिळतात. बनवणाऱ्याने पाठवलेलं तयार गाठोडं ते सहसा घेत नाहीत. उघडा कोड घेऊन स्वतः ॲप बांधतात, म्हणजे दाखवलेला कोड आणि मिळणारं ॲप यात फरक राहत नाही. या भांडारात खातं लागत नाही, जाहिराती नाहीत. ‘सगळ्या डेव्हलपरनी गुगलकडे नोंदणी केली पाहिजे अशी सक्ती आम्ही करू शकत नाही, त्यामुळे हा नियम आला तर आमचा प्रकल्प संपेल,’ अशी त्यांची भूमिका आहे.

परतवाड्याला याच्याशी काय घेणं? घेणं आहे. इथून वर चिखलदरा आणि मेळघाटात चढलात की नेटवर्क जातं. ऑस्मॲंड हे ऑफलाइन नकाशाचं ॲप तिथे कामाचं आहे आणि ते एफ-ड्रॉइडवर मोफत आहे. टर्मक्स नावाचं दुसरं ॲप साध्या फोनमध्ये लिनक्स चालवतं. ज्या मुलाकडे लॅपटॉप नाही त्याला आठ हजारांच्या फोनवर प्रोग्रामिंग शिकता येतं. टर्मक्सची भरवशाची आवृत्ती बरीच वर्षं प्ले स्टोअरवर नव्हती, एफ-ड्रॉइडवरच होती. आणि त्याच मुलाने उद्या संत्रा बागायतदारांसाठी मंडीच्या भावाचं एखादं छोटं ॲप बनवलं, तर गावातल्या दहा जणांना ते व्हॉट्सॲपवर पाठवायला त्याने कॅलिफोर्नियातल्या कंपनीकडे ओळखपत्र का द्यावं?

विरोध वाढल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये गुगल थोडं मागे सरलं. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी मर्यादित वाटपाचं वेगळं खातं असेल, आणि जाणकारांना धोका पत्करून नोंदणी नसलेलं ॲप बसवता येईल असा एक ‘प्रगत’ मार्ग ठेवू, असं त्यांनी सांगितलं. चोर फोनवर बोलत, घाई करत माणसाकडून ही पायरी पार करून घेऊ शकणार नाही अशी तिची रचना असेल, असंही म्हटलं. कॉम्प्युटरला केबल जोडून ॲप बसवण्याची डेव्हलपर लोकांची पद्धत सुरूच राहणार आहे. पण घरी कॉम्प्युटर असला तरच तिचा उपयोग.

कोड उघडा असला की सगळं सुरक्षित?

नाही. ओपन सोर्सच्या प्रेमात असलेल्यांनी २०२४ चं एक्सझेड प्रकरण विसरू नये. एक्सझेड हे फाइल लहान करणारं छोटंसं साधन, लिनक्सच्या अनेक रूपांमध्ये असतंच. ते एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं त्याला मदत केली, विश्वास कमावला, आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन होताना अर्ध्या सेकंदाचा उशीर जाणवला. त्याने खोदत नेलं आणि बिंग फुटलं. जिया टॅन कोण, हे अजून उघड झालेलं नाही.

इथे ओळख खोटी निघाली, दोन वर्षं कुणाला शंकाही आली नाही. पण कोड समोर होता म्हणून एका चिकित्सक माणसाला शोध घेता आला, आणि त्याने तो लगेच सगळ्यांना सांगितला. बंद डब्यात हेच झालं असतं तर अर्ध्या सेकंदाची तक्रार कोणाकडे नेली असती?

आपल्या पत्रिकेचंही असंच आहे. एपीके उघडून आतला कोड वाचायची एपीकेटूल आणि जॅडएक्स ही साधनं ओपन सोर्स आहेत, कुणालाही मोफत मिळतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये झिम्पेरियम या सुरक्षा कंपनीने भारतीय बँकांच्या ग्राहकांवर सोडलेल्या अशा जवळपास ९०० फाइल गोळा करून तपासल्या. त्यात एक विलक्षण गोष्ट सापडली. चोरांनी लुटलेली माहिती जिथे साठवली होती, त्या २२२ जागांना साधा पासवर्डही नव्हता. सुमारे ५० हजार लोकांचे एसएमएस, कार्डाचे तपशील, ओळखपत्रं, असा अडीच जीबीचा ऐवज उघड्यावर पडला होता. चोराने लुटलं ते लुटलंच, वर तो माल रस्त्यावर टाकून गेला.

हे ज्ञान वाटलं गेलं म्हणून बाकीच्यांना सावध होता आलं. पण आपल्याकडे दोष दाखवणाऱ्याची वाट सोपी नाही. २०१० मध्ये हैदराबादचे तंत्रज्ञ हरी प्रसाद यांनी दोन परदेशी संशोधकांबरोबर मतदान यंत्राचा अभ्यास करून त्यातल्या त्रुटी दाखवल्याचा दावा केला. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी कोठारातून चोरीला गेल्याचं प्रकरण झालं आणि ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी त्यांना अटक केली. ते आठवडाभराने जामिनावर सुटले. निवडणूक आयोगाला त्यांचं म्हणणं मान्य नव्हतं आणि तो वाद स्वतंत्र आहे. पण यंत्र कुणी दिलं हा प्रश्न यंत्रात काय आहे या प्रश्नापेक्षा मोठा झाला, हे खरं.

आजही कायदा समजून पाऊल टाकावं लागतं. तुमच्याच फोनवर आलेली फाइल तपासणं एक, आणि ती फाइल ज्या सर्व्हरला माहिती पाठवते त्यात परवानगीशिवाय शिरणं वेगळं. सर्व्हर चोराचा असला तरी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली अनधिकृत प्रवेशाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे. सापडलेली त्रुटी कळवायला केंद्राच्या ‘सर्ट-इन’ची अधिकृत व्यवस्था आहे, तीच वापरावी.

कुलूप कुठे लावायला हवं होतं?

माझ्या मते बनवणाऱ्याच्या नावापेक्षा ॲप काय मागतं इकडे बघायला हवं. लग्नपत्रिकेला एसएमएस वाचायची परवानगी कशाला? गुगलने असा प्रयोग केलाही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सिंगापुरात आणि नंतर ऑक्टोबरमध्ये भारतात ‘प्ले प्रोटेक्ट’चा पथदर्शी प्रकल्प जाहीर झाला. बाहेरून आलेलं ॲप एसएमएस, नोटिफिकेशन किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागणारं असेल तर ते बसतानाच अडवायचं. यात नकाशाचं ॲप अडत नाही, भावाचं ॲप अडत नाही, पत्रिका अडते. यालाही चोरांचं उत्तर आहे. ते फोन करून प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगतात. कुणी तसं सांगितलं तर तिथेच फोन ठेवा.

दुसरं कुलूप बँकांच्या दारावर हवं. सगळा डोलारा एसएमएसच्या ओटीपीवर उभा आहे. रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ ला नवे नियम काढले, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत. एसएमएस ओटीपीवर बंदी नाही, पण इतर मार्गांना वाट करून दिली आहे, आणि नियम न पाळता झालेल्या व्यवहारात नुकसान झालं तर भरपाई बँकेने द्यायची आहे. २०१७ च्या जुन्या परिपत्रकानुसार ग्राहकाची चूक नसेल आणि त्याने तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर त्याच्यावर भार नाही. मात्र चूक ग्राहकाची असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. पत्रिका उघडणाऱ्याला बँक कोणत्या रकान्यात टाकते, हे वेगळं सांगायला नको. कळवण्याची वेळ मात्र दोन्हीकडे महत्त्वाची.

फाइल उघडलीच असेल तर?

आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफाय बंद करा, म्हणजे एसएमएस बाहेर जाणं थांबेल. दुसऱ्याच्या फोनवरून १९३० लावा आणि बँकेला कळवून कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग बंद करायला सांगा. वेळ नोंदवून ठेवा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. सेटिंगमध्ये ॲपची पूर्ण यादी पाहा. चिन्ह नसलं तरी नाव तिथे असतं. ते काढताना ‘डिव्हाइस ॲडमिन’चा अधिकार आड येत असेल तर आधी तो काढून घ्या. खात्री वाटत नसेल तर फोटो वाचवून फोन फॅक्टरी रिसेट करा. त्याआधी सिम दुसऱ्या साध्या फोनमध्ये टाकून व्हॉट्सॲप परत आपल्या ताब्यात घ्या, आणि ग्रुपवर ‘माझ्या नावाने आलेली फाइल उघडू नका’ असं लिहा.

पत्रिकेची मूळ फाइल मात्र लाजेने पुसून टाकू नका. रिसेटच्या आधी ती एखाद्या पेनड्राइव्हमध्ये, न उघडता, उतरवून घ्या आणि तक्रारीसोबत सायबर पोलिसांकडे द्या. ती कुठे माहिती पाठवत होती, याचा पत्ता त्या फाइलमध्येच असतो.