एका ओंडक्यातली दोघं

हैदराबादेत आबिड्सच्या रविवारच्या पुस्तकबाजारातून निघून मुसी नदी ओलांडली की सालारजंग संग्रहालय. तिथला एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच लाकडी पुतळा मला पुन्हा पुन्हा ओढून नेतो. एकाच ओंडक्यातून कोरलेला: समोर ताठ मानेचा मेफिस्टोफिलीस, मागे आरशात दिसणारी, मान झुकवलेली मार्गारेटा. गटेच्या ‘फाउस्ट’मधला सैतान आणि त्याच्या कारस्थानात भरडली गेलेली मुलगी. पण गटे न वाचलेली माणसंही इथे रेंगाळतात. कुणाला अर्धनारीनटेश्वर आठवतो, कुणाला आपल्याच मनाच्या दोन बाजू. लेकीला नुकतंच सासरी पाठवलेल्या आईला बहुधा ती खाली घातलेली नजरच दिसत असेल. यातला एकही अर्थ मला चुकीचा वाटत नाही. आरशाची तर या सगळ्या अर्थांना साथच आहे. मार्गारेटाला शोधताना तिच्या शेजारी बघणाऱ्याचा चेहराही उमटतो. मला हल्ली टोचतं ते वेगळंच: पाठ एक असूनही तिला त्याचा चेहरा कधीच दिसत नाही. म्हणून ‘हे वाईट, ते चांगलं’ एवढं सांगून कुणी गर्दी पुढे सरकवू लागलं की मला मनापासून वाईट वाटतं. अजून दोन मिनिटं उभं राहू द्या ना लोकांना.