डिझेल जाळून विजेची होडी?

विजेवरच्या होडीच्या बॅटऱ्या भरायला डिझेलचे जनरेटर, ही जोडी ऐकली की आम्हाला आधी हसू येते. डिझेलच जाळायचे, तर इंजिन सरळ पंख्याला का जोडू नये?

हिशेब मांडू. लिटरभर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा. लहान जनरेटरने त्यातून ३ युनिट वीज दिली तरी खूप. त्यातला दहावा हिस्सा चार्जर खातो, पाचवा अॅसिडची बॅटरी, उरलेल्यात मोटार हात मारते. पंख्यापर्यंत दोन युनिटही पोचत नाहीत. मोंढ्यात हमाली, तोलाई, कटती होऊन आपल्या हाती पट्टी येते, त्यातलाच प्रकार.

तरी ही कल्पना अगदीच टाकाऊ नाही. होडीचा वेग दुप्पट करायला जोर जवळपास आठपट लागतो. म्हणजे सावकाश जाणाऱ्याला तो फार थोडा पुरतो. तेवढ्यासाठी मोठे इंजिन दिवसभर गुरगुरत ठेवले तर डिझेल वाया जाते. त्यापेक्षा जनरेटर पुऱ्या भारावर चालवून बंद करावे. बॅटरी ८० टक्के भरली की ती वीज घेताना कुरकुरते, तिथे थांबावे. राहिलेली भरती लाइनवर नाहीतर सौर पॅनेलवर. केरळात 'आदित्य' ही ७५ उतारूंची सौर बोट २०१७ साली सुरू झाली. २०२३ च्या कोची वॉटर मेट्रोच्या बोटींत बॅटरी मुख्य, जनरेटर अडीनडीला.

आता आपला नाथसागर. १९७६ साली लोकार्पण झालेल्या जायकवाडीचे पाणी छत्रपती संभाजीनगर आणि जालना पितात. तिथे पक्षी अभयारण्यही आहे. या पाण्यात तेल सांडू नये, हे आम्हालाही मान्य. पण ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या त्यांना आणि मच्छीमारांना शहाणपण शिकवण्याआधी काठावर दिवसा भरवशाची वीज द्या. दिवसा वीज देण्याची सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची. ज्या गावात अजून रात्रपाळीचीच लाइन आहे, तिथला माणूस होडीसाठी काय अन् विहिरीवरच्या मोटारीसाठी काय, जनरेटरच आणणार. आणि मग अनुदानाचा संच ठेकेदाराच्या पसंतीचा नको. घेणाऱ्याने निवडावा, पैसे त्याच्या खात्यात पडावेत.

कुणी असा संच विकायला आला तर भावांनो, दोनच प्रश्न विचारा: लिटरमागे किती युनिट, आणि बॅटरी किती वर्षांनी बदलायची, कुणाच्या पैशाने? घेतलाच तर जनरेटर उघड्यावर ठेवा. छपराखाली कोंडलेला त्याचा धूर जीव घेतो.