विश्लेषण : आई-बाबांना कॅनडात पाच वर्षे राहता येईल, पण आजारपणाचे काय?

टोरांटो, ब्रॅम्प्टन किंवा कॅलगरीत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत एक विषय हमखास निघतो. पुण्या-नाशिकात आई-वडील एकटे आहेत आणि तिकडे नातवंडे लहान आहेत. मग त्यांना काही वर्षे तिकडेच ठेवून घेता येईल का? कायमस्वरूपी नेण्याची वाट जवळपास बंद आहे. पालक आणि आजी-आजोबांच्या प्रायोजकत्व योजनेसाठी कॅनडाने इच्छुकांची नोंदणी शेवटची घेतली ती २०२० मध्ये. २०२५ ची निमंत्रणेही त्याच जुन्या यादीतून निघाली. त्यामुळे बहुतेकांसाठी उरतो तो ‘सुपर व्हिसा’.

साध्या व्हिजिटर व्हिसापेक्षा तो वेगळा कसा?

साधा व्हिसाही दहा वर्षांपर्यंतचा मिळू शकतो, आणि गोंधळ इथेच होतो. दहा वर्षे ही ये-जा करण्याची मुदत झाली. एका खेपेस राहता येते साधारण सहा महिनेच. डिसेंबर २०११ मध्ये सुरू झालेल्या सुपर व्हिसावर ही मर्यादा दोन वर्षे होती. ४ जुलै २०२२ पासून ती पाच वर्षे झाली. शिवाय तिथे असतानाच दोन वर्षांच्या मुदतवाढीसाठी अर्ज करता येतो. मात्र पासपोर्टच्या मुदतीपलीकडे व्हिसा दिला जात नाही. वडिलांचा पासपोर्ट दीड-दोन वर्षांत संपणार असेल, तर आधी त्याचे नूतनीकरण करून घेणे शहाणपणाचे.

बोलावू कोण शकते?

कॅनडाचे नागरिक किंवा कायमस्वरूपी निवासी (पीआर) असलेले मूल किंवा नातवंड. वर्क परमिटवर किंवा शिक्षणासाठी गेलेल्यांना हा मार्ग नाही. त्यांच्या पालकांना साध्या व्हिसावरच जावे लागते. अर्ज पालकांनी कॅनडाबाहेरून करायचा असतो आणि त्यात आई-वडिलांशिवाय इतर अवलंबितांना, म्हणजे धाकट्या भावंडांना, घेता येत नाही. शुल्क माणशी १०० कॅनडियन डॉलर, बायोमेट्रिकचे ८५ वेगळे. ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणीही करून घ्यावी लागते.

बोलावणाऱ्याचे उत्पन्नही ठरावीक मर्यादेइतके हवे. समजा, पती-पत्नी आणि एक मूल अशा तिघांच्या घरी आई-बाबा येणार आहेत. हिशेब पाच जणांचा होतो आणि २०२५ च्या तक्त्यानुसार वर्षाला किमान ६४,३३६ कॅनडियन डॉलर उत्पन्न दाखवावे लागते. हा आकडा दरवर्षी बदलतो. शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या रकमेवर विसंबू नये.

मग अर्ज नाकारले का जातात?

या व्हिसाची रचनाच थोडी विचित्र आहे. मागायची पाच वर्षे आणि पटवून द्यायचे की आम्ही परत येणार. म्हणून निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, घराचे खरेदीखत, सातबारा उतारा, भारतातील इतर मुलांचा तपशील हे सारे जोडलेले बरे. मराठी कागद असतील तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र लागते. सातबारा तसाच स्कॅन करून पाठवला, तर तो वाचणार कोण?

खरी मेख विम्यात

सुपर व्हिसावर गेलेल्या पालकांना कॅनडाच्या सरकारी आरोग्य योजनेचा लाभ नाही. म्हणून किमान एक वर्षाचा आणि किमान एक लाख कॅनडियन डॉलरचे संरक्षण देणारा आरोग्य विमा सक्तीचा आहे. नुसते कोटेशन चालत नाही. हप्त्यांची सोय असली तरी सुरुवातीची रक्कम भरलेली असावी लागते. पूर्वी विमा कॅनडियन कंपनीचाच लागे. २८ जानेवारी २०२५ पासून परदेशी कंपनीचाही चालतो, पण त्या कंपनीला कॅनडाच्या वित्तीय नियामकाची मान्यता हवी आणि पॉलिसी तिच्या कॅनडातील व्यवसायाचा भाग म्हणून दिलेली हवी. म्हणजे इथल्या एजंटाकडून घेतलेली कुठलीही प्रवास विमा पॉलिसी पुरणार नाही.

कागद पूर्ण झाला म्हणजे जोखीम संपली असे नाही. हे विमे मुख्यतः आपत्कालीन उपचारांसाठी असतात. नेहमीची रक्तदाबाची गोळी किंवा नियमित तपासणी त्यात सहसा येत नाही. साठी-सत्तरीतल्या पालकांना मधुमेह, रक्तदाब असतोच. असे जुने आजार समाविष्ट करणाऱ्या पॉलिसीतही ‘स्थिर प्रकृती’ची अट असते. प्रवासाआधीच्या ठरावीक काळात, अनेकदा ९० ते १८० दिवसांत, आजारात किंवा औषधांत बदल झालेला नसावा. काही पॉलिसींमध्ये गोळीचा डोस कमी केला, तरी तो बदलच धरला जातो! निघण्यापूर्वी म्हणून केलेली तपासणी आणि त्यात बदललेले औषध पुढे दावा फेटाळण्याचे कारण ठरू शकते. पॉलिसी घेताना जुना आजार लपवला, तर प्रश्नच मिटला. खर्च मुलाच्या खिशातून.

शिवाय विम्याची किमान अट एक वर्षाची आणि मुक्काम पाच वर्षांचा. वय वाढेल तसा हप्ताही वाढत जातो. पाच वर्षांचे गणित पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर मांडणारी कुटुंबे इथेच फसतात.

इतर देशांत काय?

अमेरिकेचा बी-२ व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेस साधारण सहा महिनेच राहता येते. ब्रिटनच्या दीर्घ मुदतीच्या व्हिजिटर व्हिसावरही प्रत्येक भेट सहा महिन्यांपुरतीच. ऑस्ट्रेलियाचा ८७० क्रमांकाचा व्हिसा तीन किंवा पाच वर्षांचा मिळतो, मात्र त्याचे शुल्क काही हजार डॉलर आहे. न्यूझीलंडने सप्टेंबर २०२५ पासून पाच वर्षांचा ‘पॅरेंट बूस्ट’ सुरू केला आहे.

इकडचे काय सांभाळायचे?

निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावाच लागतो. परदेशात असताना तो भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून घेता येतो. बँकेला हे कसे चालते, याची चौकशी निघण्यापूर्वी शाखेत जाऊन करावी. आणि विम्याची पॉलिसी सामानात ठेवू नये, हातातल्या पिशवीत ठेवावी. विमानतळावरचा अधिकारी ती मागू शकतो, आणि किती काळ राहू द्यायचे हेही तिथे तोच ठरवतो.